पाच तोळ्यांचा फरक

निशी-कसाई स्टेशनच्या बाहेर पोलिसांची एक छोटी चौकी आहे, आपल्याकडच्या पानाच्या टपरीहून थोडी मोठी. तिथला तरुण पोलीस एका म्हातारीच्या सायकलची निसटलेली चेन बसवायला खाली वाकला आणि त्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर अण्णांना दिसलं. लहानसंच होतं. चामडी कव्हरात बसवलेलं, आणि जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी गुंडाळीची दोरी लावून पट्ट्याला जखडलेलं. अण्णा बघतच राहिले. तीन आठवड्यांत या देशात त्यांना ओळखीचं असं काही भेटलं नव्हतं. भाजी अनोळखी, नळ अनोळखी, कचऱ्याचे वार अनोळखी. आणि इथे भर रस्त्यात हे. त्यांचा उजवा हात आपसूक स्वतःच्या कमरेकडे गेला. तिथे सुनेने घेतलेल्या स्वेटरची लोकर तेवढी हाताला लागली, आणि तेवढ्याशा हालचालीने मानेपासून अंगठ्यापर्यंत एक कळ सळसळत गेली. डावा हात आठ वर्षांच्या नातीच्या मुठीत होता, म्हणून "आई गं" त्यांनी गिळलं. "आजोबा, दाइजोबु?" तन्वीने मान वर करून विचारलं. "दाइजोबु, दाइजोबु," अण्णा म्हणाले. सगळं ठीक आहे, अशा अर्थाचा तो एक शब्द त्यांना येत होता आणि त्या एका शब्दावर ते अख्खा जपान चालवत होते.

ठीक मात्र काही नव्हतं. लक्ष्मीकांत डहाळे, करमाळ्याचे सराफ, वय बहात्तर. तीस-पस्तीस वर्षं कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर लावून जेऊरच्या, केमच्या आठवडी बाजाराला सोनं-चांदी घेऊन जाणारा माणूस. दुकानात गिऱ्हाईक येतं ते लग्नसराईत. बाकी वर्षभर सराफाने गिऱ्हाइकाकडे जायचं असतं, असं त्यांच्या वडिलांचं म्हणणं, आणि अण्णांनी ते पाळलं. बाजारात पाल ठोकून बसायचं, बायकांच्या पायांची जोडवी कापून नवी बसवायची, कुणाच्या बाळाच्या मनगट्या, कुणाचे मणी. संध्याकाळी पेटी बांधून परत. आता हात धरला होता. डॉक्टर म्हणाले मानेत नस दबली आहे, बरी होईल तेव्हा होईल, ओझं उचलू नका, झटका बसू देऊ नका. तेवढं ऐकून सारंगने तिकीट काढून वडिलांना टोकियोला आणलं, आणि आल्यावर दुसऱ्याच दिवशी जेवताना सरळ सांगून टाकलं. "अण्णा, मी लॉजिकली बोलतो हं. बाजाराला वेपनशिवाय जाणं म्हणजे वेडेपणा आहे. आणि या हाताने वेपन तुम्हाला झेपत नाही. म्हणजे बाजार बंद. बाजार बंद म्हणजे दुकानही बंदच, तुम्ही नुसते गल्ल्यावर बसणारे नाही. मग तिथे एकटं राहायचं कशाला? इथेच राहा." सून चैत्राली मध्येच वरण वाढत म्हणाली, "निदान जेवू दे की त्यांना आधी." मुलगा इंजिनियर असला की असा चारी बाजूंनी कोंडतो, हे अण्णांना आवडलंही आणि झोंबलंही. ते म्हणाले, "झेपेल असं दुसरं घेतलं तर?" सारंग हसला. "घ्या. हाताला झेपेल असं मिळालं तर मी स्वतः विमानात बसवून देतो." बोललेला शब्द होता. त्या शब्दावर अण्णांनी बोट ठेवलं आणि करमाळ्याला परत जायचं की नाही हा सगळा प्रश्न एका छोट्याशा वस्तूपाशी येऊन थांबला, जिचा झटका त्यांच्या दंडाला सोसेल.

पुण्यात प्रल्हाद नावाचा त्यांचा बंदूकवाला होता. बापाच्या पश्चात दुकान चालवणारा, बोलका, आणि गिऱ्हाइकाला फसवायचं झालं तरी समजावून सांगून फसवणारा. तो रोज व्हॉट्सअॅपवर एखादा तरी व्हिडिओ पाठवी. "अण्णा, हे बघा, बावीस बोअरचं पिस्तूल. झटका नाहीच म्हणा, पोराच्या गुलेलीएवढा." अण्णा खूश होत. मग तासाभराने त्याचाच आवाज येई, "पण एक आहे अण्णा, पहिली गोळी आत घ्यायला वरचा भाग मागे खेचावा लागतो. दोन्ही हातांत जोर पाहिजे. तुमचा उजवा तर…" मग रिव्हॉल्व्हर बघू. रिव्हॉल्व्हरला खेचाखेची नाही, पण चाप कडक. त्या चापाला जेवढं बोट दाबावं लागतं तेवढ्यात अण्णांच्या कोपरापर्यंत मुंग्या येत. मग चाप हलका करून घेऊ. मग वजनाला हलकं घेऊ. इथे प्रल्हादने त्यांना जो धडा दिला त्याने अण्णा दिवसभर अस्वस्थ झाले. "हलकं घेतलंत की झटका जास्त बसतो, अण्णा. जडात झटका जिरतो. आणि जड घेतलंत तर दिवसभर कमरेला ओझं, ते तुमच्या मानेला नको." म्हणजे हाताला पाहिजे ते मानेला नको आणि मानेला पाहिजे ते हाताला नको. अण्णांना वाटलं, आयुष्यभर सोन्यात काम केलं, तिथे जड ते चांगलं हे सोपं होतं.

एकदा तर याच व्हिडिओपायी ट्रेनमध्ये पंचाईत झाली. सारंग त्यांना ऑफिस दाखवायला नेत होता, डब्यात माणसावर माणूस उभा होता पण आवाज म्हणाल तर देवळाच्या गाभाऱ्यात नसेल इतकी शांतता. अण्णांना म्हातारे म्हणून जागा मिळाली होती. त्यांनी प्रल्हादचा नवा व्हिडिओ उघडला आणि फोनमधून ठाय ठाय असे आवाज फुटले. कुणीच काही बोललं नाही, कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. फक्त शेजारची बाई पर्स मांडीवर सरळ करून पुढच्या स्टेशनवर उठली आणि दुसऱ्या डब्यात जाऊन बसली. "अण्णा, प्लीज," सारंग कानाशी वाकून म्हणाला, "इथे लोकांनी असली वस्तू जन्मात पाहिलेली नसते." अण्णांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. जन्मात पाहिलेली नसते. किती निवांत जन्म. त्यांना त्या बाईचा राग आला नाही, उलट तिला थांबवून सांगावंसं वाटलं, बाई, मीही तसा काही गोळ्या झाडणारा माणूस नाही हो, तीस वर्षांत या वस्तूने चिमणी मारलेली नाही. मग ती कमरेला कशाला, असं तिने विचारलं असतं तर मात्र अण्णा अडले असते. कारण त्याचं उत्तर त्यांची बायको सुप्रभा होतं, आणि ती जाऊन दोन वर्षं होत आली होती.

सुप्रभा त्या रिव्हॉल्व्हरला सवत म्हणायची. बाजाराच्या दिवशी सकाळी चहा झाला की ती कपाट उघडायची, पदराने धरून ते बाहेर काढायची आणि "घ्या, सवत तयार आहे" म्हणून अण्णांच्या हातात द्यायची. भरायची तीच, रिकामं करायचीही तीच. लग्न होऊन आली तेव्हा तिला गणपती आणि गौरीखेरीज कशाला हात लावायची सवय नव्हती, पण अण्णांच्या तापट डोक्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून रिव्हॉल्व्हर घरात आलं त्या पहिल्याच वर्षी तिने प्रल्हादच्या बापाकडून सगळं शिकून घेतलं. "तुमच्या हातात आयतं भरलेलं नको. माझ्या हातून जाऊ दे, म्हणजे डोकं फिरलं तर माझी आठवण तरी होईल." पट्टाही तीच बांधायची, पाठीमागे उभी राहून. पुढे हात दुखायला लागला, आधी हिवाळ्यात, मग बारा महिने, पण अण्णांना त्याची फारशी जाणीव झाली नाही, कारण जिथे जिथे हात वर न्यायचा, मागे न्यायचा, जोर लावायचा, तिथे तिथे सुप्रभा आधीच उभी असायची. माणसाला स्वतःच्या दुखण्याची खरी किंमत बायको गेल्यावर कळते, असं अण्णांना आता या आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून वाटे, आणि वाटलं की ते खालच्या खेळाच्या मैदानाकडे बघत राहत. तिथे दुपारी इवलाली मुलं पिवळ्या टोप्या घालून रांगेत चालत.

खंडेनवमी आली ती अशा दिवसांत. चैत्रालीने इंडियन दुकानातून झेंडूची फुलं आणली, भारतात पाच माणसांचं जेवण होईल इतक्या भावाची, आणि हॉलमध्ये पाट मांडला. पाटावर सारंगचा लॅपटॉप, चैत्रालीचा लॅपटॉप, तन्वीचं शाळेचं चामडी दप्तर, आणि शस्त्राशिवाय मनाला बरं वाटेना म्हणून एक सुरी. "अण्णा, तुम्ही करा पूजा," सून म्हणाली. "तुमच्यासारखी साग्रसंगीत आम्हाला येत नाही." अण्णांनी डाव्या हाताने हळद वाहिली, उजव्याने वाहायची म्हणून नंतर उजव्यानेही थोडी. लॅपटॉपच्या फटीत कुंकू जाईल म्हणून सारंगने त्यावर आधीच प्लास्टिक घातलं होतं. ते पाहून अण्णांना करमाळ्याची खंडेनवमी आठवली. त्यांच्या घरच्या पाटावर तराजू असे, वजनं असत, फुंकणी, चिमटा, हातोडी, आणि मधोमध ते रिव्हॉल्व्हर, गोळ्या काढून पूर्ण रिकामं केलेलं. भरलेलं शस्त्र पाटावर ठेवायचं नाही, हा सुप्रभाचा नियम. "देवासमोर नवरा असो की सवत, रिकाम्या हाताने बसायचं." कुंकू घालायचं मात्र सढळ हाताने. मग दसऱ्याच्या पहाटे ती जुना दातांचा ब्रश घेऊन त्याच्या फटीफटीतलं कुंकू काढत बसायची, पुटपुटत, आणि अण्णा आंघोळीला जाता जाता तिला चिडवायचे की सवतीचे इतके लाड मी कुठे पाहिले नाहीत.

अशाच एका दसऱ्याला, नऊ वर्षांपूर्वी, सारंगला जपानची नोकरी लागली होती आणि तो महिन्याभरात निघणार होता. दसऱ्याच्या दिवशी बाजार आला होता. सोनं घ्यायचा दिवस, न जाऊन चालणार नव्हतं. सुप्रभाने नेहमीसारखं रिव्हॉल्व्हर हातात दिलं, "घ्या, सवत तयार आहे" म्हणाली, पाठीमागे जाऊन पट्टा बांधला. अण्णा जीपमध्ये बसले. वेशीबाहेर पडायच्या आतच त्यांना कळलं. पाच तोळे कमी. सहा गोळ्यांचं वजन. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं. फौजदाराला नसतं, लष्करातल्या माणसाला कदाचित कळलं असतं. पण ज्याने चाळीस वर्षं हातावर पाटली घेऊन गुंजेचा फरक सांगितला, त्याच्या कमरेला पाच तोळ्यांचा फरक कळू नये? सुप्रभा सराफाची बायको, तिने इतकी वर्षं नवऱ्याला नुसत्या तळहाताने वजन करताना पाहिलेलं, आणि तरी तिला वाटलं की हे चालून जाईल. तिच्या या भाबडेपणाचं अण्णांना त्या क्षणी इतकं हसू आलं की जीपचा ड्रायव्हर म्हणाला, काय झालं मालक. "काही नाही, चल," अण्णा म्हणाले. मागे फिरावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, तिने मुद्दाम केलं असेल तर तिच्याजवळ कारण असेल. आणि विसरली असेल तर संध्याकाळी स्वतःच कपाळावर हात मारून घेईल. संध्याकाळी ती दारातच उभी होती. कपाळावर हात वगैरे काही मारला नाही. पट्टा सोडला, रिव्हॉल्व्हर उघडून गोळ्या काढल्यासारखं केलं, त्यांच्याकडे पाठ करून, आणि कपाट लावलं. तिचं ते खोटंखोटं रिकामं करणं अण्णांनी आरशातून पाहिलं.

त्यानंतर पुढची सात वर्षं, दर बाजाराला, ती त्यांना रिकामं रिव्हॉल्व्हर देत राहिली आणि ते घेत राहिले. एक दिवसही दोघांपैकी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गोळ्या कुठे आहेत हेही अण्णांनी शोधून ठेवलं होतं, तिच्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या मध्ये, एका हातरुमालात. मनात आणलं असतं तर स्वतः भरता आल्या असत्या. भीती वाटायची, खोटं कशाला बोला. आडवळणावर कुणी मोटरसायकल आडवी घातली की हात कमरेला जायचा, आणि तिथे नुसतं लोखंड. पण त्या लोखंडावर सकाळी सुप्रभाचा पदर लागलेला असायचा. अण्णांना हे कुणाला समजावून सांगता आलं नसतं, की ते रिकामं जे होतं ते तिचं होतं. ती गेली आणि रिव्हॉल्व्हर होतं तसंच रिकामं कपाटात राहिलं. तेराव्यानंतरच्या पहिल्या बाजाराला अण्णांनी स्वतः कपाट उघडलं, स्वतः हातात घेतलं, आणि त्यांना पहिल्यांदा खरोखर वाटलं की हे तर रिकामं आहे. वजन तेच होतं, एक गुंजही इकडे तिकडे नाही. मग त्यांनी रिळं बाजूला करून गोळ्या काढल्या, पुण्याला जाऊन प्रल्हादच्या ओळखीच्या मैदानावर नीट सराव करायचा ठरवला. पहिलीच गोळी झाडली आणि तो झटका मनगटातून, कोपरातून, खांद्यातून थेट मानेत जाऊन बसला. तो अजून तिथेच होता. जपानला निघताना रिव्हॉल्व्हर त्यांनी पोलीस ठाण्यात जमा केलं, निवडणुका आल्या की सगळेच परवानेवाले करतात तसं, आणि ठाण्याच्या पायऱ्या उतरताना कंबर इतकी हलकी झाली की तोल जातोय असं वाटलं.

दसरा झाल्यावरच्या रविवारी सारंग म्हणाला, "अण्णा, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो." त्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या मोरिता-सान नावाच्या गृहस्थांना नेमबाजीचा नाद होता. जवळच्या व्यायामशाळेत ते मुलांना आणि म्हाताऱ्यांना प्रकाशाचं पिस्तूल शिकवत. त्यातून गोळी सुटत नाही, प्रकाशाचा किरण सुटतो, म्हणून परवान्याची भानगड नाही. बूट काढून आत जायचं, तिथल्या सपाता घालायच्या. मोरिता-सान अण्णांच्याच वयाचे निघाले, बारीक, ताठ, आणि कमरेत वाकून नमस्कार करताना त्यांनाही कुठेतरी दुखतंय हे अण्णांच्या नजरेतून सुटलं नाही. सारंगने दुभाष्याचं काम केलं. "ते म्हणतायत, हात उचलू नका. कोपर या स्टँडवर टेकवा. श्वास अर्धा सोडा." पिस्तूल चांगलं जड होतं. ऐंशी-नव्वद तोळे, अण्णांच्या तळहाताने परस्पर सांगून टाकलं. कोपर टेकवलं तशी कळ आली, पण सोसण्याजोगी. समोर दहा पावलांवर काळा ठिपका. अण्णांनी अर्धा श्वास सोडला, बोट दाबलं आणि दंड, खांदा, मान सगळं आवळून झटक्याची वाट पाहिली.

काहीच झालं नाही. एक टिकटिक झाली, पडद्यावर आकडा उमटला आणि तन्वी जपानीत काहीतरी ओरडून टाळ्या वाजवायला लागली. नऊ पूर्णांक काही. मोरिता-सान पुन्हा वाकले. अण्णांनी दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. हात दर वेळी झटका घ्यायला सज्ज होई आणि दर वेळी तोंडघशी पडे. हेच तर हवं होतं, त्यांनी स्वतःला समजावलं. झटका नाही, ओझं टेकवलेलं, नेम बरोबर. प्रल्हादला जे जमलं नाही ते इथे एका व्यायामशाळेत मांडून ठेवलंय. मग छातीत हे असं का भरून येतंय? त्यांना एकाएकी दिसलं की ते कितीतरी आठवडे झटका नसलेलं पिस्तूल शोधत नव्हतेच. त्यांना ती सकाळ हवी होती, चहानंतरची, कपाटाच्या दाराची कुरकुर आणि पाठीमागे पट्टा आवळणारे दोन हात. ते प्रल्हादकडे बावीस बोअरमध्ये मिळत नव्हतं आणि बत्तीसमध्येही. अण्णांनी पिस्तूल दोन्ही हातांनी उचलून मोरिता-सानांना परत दिलं, पूजेतली वस्तू द्यावी तसं, आणि डोळ्यांत पाणी दिसू नये म्हणून तेही कमरेत चांगले खोल वाकले.

बाहेर बाकावर ते दोघं बसले. तन्वी समोरच्या घसरगुंडीवर होती. सारंगने मशिनमधून गरम चहाच्या बाटल्या आणल्या आणि वडिलांची बाटली आठवणीने उघडून दिली. "काय अण्णा, झेपलं की," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. बराच वेळ तो बाटली नुसती हातात फिरवत राहिला.

"एक सांगायचंय तुम्हाला. आई होती तेव्हाच सांगायला हवं होतं."

"सांग की."

"मी इकडे यायच्या आधीचा दसरा आठवतो? पाटावरून उचलल्यावर आईने त्यात गोळ्या भरल्या नव्हत्या. मी नको म्हणालो होतो तिला. तुमचा हात दुखतो हे मला दिसत होतं, तुम्ही कबूल करत नव्हता. वाटलं, कुणी अडवलं तर तुम्ही भांडायला जाल, हात अर्धाच उठेल आणि समोरचा घाबरून तुमच्यावरच… वाटलं, भरलेलंच नसलं तर बरं. आई आधी नाही म्हणाली. मी रडलो तिच्यापाशी. इतका मोठा घोडा, रडलो. मग ती हो म्हणाली." त्याने एक घोट घेतला. "आणि विमानात बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला तर ते भरलेलंच वाटणार. तुम्ही भरवशाने बाहेर काढणार, आणि आत काहीच नसणार. आईला फोन करून सांगितलं, भर. ती म्हणाली, आता कसं भरू, आता मला निदान झोप लागते. तेव्हापासून अण्णा, दर बाजाराच्या दिवशी मी…"

अण्णांना आठवलं. दर बाजाराला, ते घरात पाऊल टाकायच्या आत, सारंगचा फोन वाजायचा. पोचलात का? ते सुप्रभाला अभिमानाने म्हणायचे, बघ, एवढ्या लांबून पोराला बाजाराचा वार पाठ आहे. सुप्रभा चहा टाकायला आत जायची. मायेचा फोन समजून ते सात वर्षं पोराला बाजारभाव सांगत बसले होते, आणि तिकडे पोरगं एका शब्दासाठी श्वास धरून उभं असायचं.

"मला माहीत होतं," अण्णा म्हणाले.

सारंगने मान वळवली. "काय माहीत होतं?"

"रिकामं आहे ते. त्याच दसऱ्याला कळलं. वेशीच्या आत. अरे, सराफ आहे मी."

"मग तुम्ही भरलं का नाही?"

अण्णांनी समोर पाहिलं. तन्वी घसरगुंडीवरून उलटी, डोकं पुढे करून येत होती आणि तिला कुणी ओरडत नव्हतं. "त्या दिवशी मी परतलो तेव्हा तुझी आई दारात उभी होती ना, तिच्या गालावर चटईच्या रेघा उठल्या होत्या. बाजाराच्या दिवशी ती दुपारी पडलेली मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली. मग कशाला भरायचं?"

सारंगने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सदतीस वर्षांचा माणूस, ऑफिसात पाचपन्नास लोक त्याला आदराने सान लावून हाक मारतात, तो तिथे भर बागेत हुंदके देऊन रडला. शेजारच्या बाकावरच्या जपानी जोडप्याने सभ्यपणे झाडांकडे बघायला सुरुवात केली. अण्णांनी डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला. त्यांना वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त हलकं वाटत होतं. इतकी वर्षं त्यांना वाटलं होतं की ते दोघांचं गुपित आहे, नवराबायकोचं. त्यात तिसरा होता, सगळ्यात लांब राहून सगळ्यात जास्त भ्यालेला.

"प्रल्हादला कळवून टाक," थोड्या वेळाने ते म्हणाले, "म्हणावं, काही पाठवू नकोस. बघून झालं. आणि ते ठाण्यातलं आहे ते तिथेच राहू दे. परवाना परत करीन."

सारंगने डोळे पुसले. "म्हणजे इथे राहताय?"

"म्हणजे घरी जातोय. सात वर्षं रिकाम्या कमरेने गेलो आणि आलो, आता काय नवं आहे? सोनं नाही नेणार, तुझा तेवढा शब्द ठेवतो. चांदीची जोडवी, पैंजण, एवढंच. त्याला कोण दरोडा घालतंय. आणि पेटी उचलायला ड्रायव्हर आहे."

सारंग लॉजिक शोधत असावा. मग त्याने वडिलांच्या हातातली रिकामी बाटली घेतली, इथल्या कचऱ्याच्या नियमाप्रमाणे झाकण वेगळं केलं, वरचा कागद सोलला, आणि तिन्ही वस्तू हातात धरून तसाच बसून राहिला.

"मी फोन करत राहणार," तो म्हणाला.

"कर की. पण आता घाबरून करू नकोस."

"घाबरूनच करणार, अण्णा."

अण्णांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. करमाळ्याच्या घरात संध्याकाळी आता दारात कुणी उभं नसतं, दिवा स्वतःच लावावा लागतो, हे त्यांच्या मनात आलं आणि गेलं.

"बरं," ते म्हणाले. "मग मी वेळेवर घरी येत जाईन."